लॉबी पाहिलीत, आता रात्रपाळी पाहा

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पणजीत बँकेत नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे. आई 78 वर्षांची, डिचोली तालुक्यातल्या गावी एकटी राहत होती. मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन लागते, गुडघे थकलेत. या उन्हाळ्यात पहाटे न्हाणीघरात पडून मनगट मोडले आणि शेजारची मुलगी दूध घेऊन येईपर्यंत त्या तिथेच पडून होत्या. सध्या त्या मुलीकडे आहेत, पण फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दिवसभर घरी कुणी नाही. पुण्यातल्या भावाने बार्देशच्या किनारपट्टीतली एक 'असिस्टेड लिव्हिंग' जागा शोधली आहे. डिपॉझिट मोठे आहे, त्यासाठी गावचे घर विकावे असे तो म्हणतो. ताईंनी स्वतः फोंड्याजवळची एका ट्रस्टची साधी जागाही पाहिली, पण तिथल्या भिंती पाहून मन धजावत नाही. आई म्हणते, "तुम्ही दोघं म्हणाल तिथे जाते." गावात कुजबुज सुरू झाली आहे. ताईंचा प्रश्न असा : दोन्हींपैकी सुरक्षित कोणती, आणि हे ओळखायचे कसे?

ताई,

पहिल्या जागेबद्दल तुम्ही लॉबी, पोहण्याचा तलाव, फिजिओथेरपीची खोली आणि भावाला पुण्यात मोबाइलवर दिसणारा सीसीटीव्ही यांविषयी लिहिले आहे. दुसरीबद्दल पोपडे आलेली भिंत, लोखंडी खाटा आणि व्हरांड्यात वाळत घातलेले कपडे. दोन्ही ठिकाणी रात्री कोण असते, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. आई पडल्या त्या पहाटे. तुमची भीती त्या वेळेची आहे आणि पाहणी मात्र सकाळी अकराची, मॅनेजर हसतमुख आणि फरशी नुकतीच पुसलेली असतानाची.

म्हणून 'दोन्हींपैकी कोणती' या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार नाही. तो प्रश्न जरा लवकर आला आहे. त्याआधी दोन-तीन गोष्टी आपण गृहीत धरल्या आहेत, त्या तपासू.

पहिली म्हणजे आईचा होकार. "तुम्ही म्हणाल तिथे" हे वाक्य त्या पिढीच्या बायका आयुष्यभर बोलत आल्या. कुणाकडे लग्न, कुठली साडी, कधी ऑपरेशन, सगळ्याला हेच उत्तर. त्यातून एवढेच कळते की मुलांवर भार टाकायचा नाही. मोठा प्रश्न विचारलात की हेच उत्तर येणार, म्हणून छोटे प्रश्न विचारा, आणि भाऊ फोनवर नसताना विचारा. आंघोळ घालायला परकी बाई चालेल का? खोलीत सोबत कुणी असावे की नको? देव्हारा बरोबर न्यायचा आहे? सोमवारचे काय? चवथीला घरी यायचे ना? आणि शेवटी, सहज वाटेल असे : "गावी परत जावंसं वाटतं का गो?" उत्तर 'हो' आले तर घाबरू नका. ते उत्तर मिळाल्यावर हिशेब बदलतो, पण खरा होतो.

दुसरी म्हणजे आपण 'सुरक्षित' म्हणतो ते नेमके कशापासून. वयाची पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण तिघांतला एक जण दर वर्षी कधी ना कधी पडतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांगतात. चांगल्यातल्या चांगल्या जागीही माणसे पडतात. 'आमच्याकडे कुणी पडतच नाही' असे सांगणारी संस्था एकतर खोटे बोलते, किंवा माणसांना खाटेवरून उठूच देत नाही. त्यातले दुसरे जास्त वाईट. न चालल्याने पायांतली ताकद महिन्याभरात उतरते आणि मग माणूस खरोखरच अंथरुणाला लागतो. आईच्या बाबतीत पडण्यापेक्षा घातक गोष्ट होती पडून राहणे. कुणाला कळायला किती वेळ लागतो आणि कळल्यावर तो माणूस काय करतो, हे तुम्हाला मोजायचे आहे.

तर आता कामाला लागू. एक वही घ्या आणि आईचे चोवीस तास लिहून काढा. किती वाजता उठतात, रात्री किती वेळा लघवीला जातात, आंघोळीला मदत लागते की नुसते कुणी बाहेर उभे असले तरी चालते, केस कोण विंचरते, गोळ्या कोण काढून देते, इन्सुलिन कोण टोचते, जेवण पूर्ण होते का, कानाला किती ऐकू येते. हे टिपण घेऊन दोन्ही जागी जा आणि एकेक ओळ विचारत जा, "हे इथे कोण करील?" आपल्याकडे वृद्धाश्रम, सीनिअर लिव्हिंग, असिस्टेड लिव्हिंग या पाट्या वाटेल तशा लावतात. पाटीवरून काही कळत नाही. काही ठिकाणी फक्त राहणे-जेवणे असते आणि आंघोळ घालायला माणूस हवा तर तो तुम्ही वेगळा ठेवायचा, त्याचे पैसे वेगळे. हे माहितीपत्रकात छापत नाहीत.

इन्सुलिनच्या ओळीपाशी जास्त वेळ थांबा. संस्थांमध्ये रात्रीचे जेवण लवकर उरकतात, सात-साडेसातला. सकाळची न्याहारी आठनंतर. म्हणजे मधे बारा-तेरा तास. संध्याकाळी इन्सुलिन टोचले, आईने त्या दिवशी भाजी आवडली नाही म्हणून दोन घास खाल्ले आणि ताट सारले, तर पहाटे साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, गोंधळ, तोल जाणे. आई त्या पहाटे का पडल्या, याचा कुणी शोध घेतला का? फरशी ओली होती असे तुम्ही लिहिता, असेलही. तरी डॉक्टरांना एकदा विचारा की रात्रीचा डोस या वयात एवढा लागतो का, वृद्धांची साखर थोडी सैल ठेवलेली चालते. आणि संस्थेला विचारा, जेवण कमी झाले तर इन्सुलिन देणारीला ते कळते कसे? ताट उचलणारी वेगळी आणि सुई टोचणारी वेगळी असेल, आणि दोघींमध्ये बोलणे नसेल, तर तिथे धोका आहे. झोपताना दूध-बिस्किट देतात का? रात्री तीनला ग्लुकोमीटर कुठे असतो आणि तो वापरता येणारे कोण जागे असते? हे विचारायला लाजू नका. नीट चालणाऱ्या जागी या प्रश्नांनी मॅनेजरचा चेहरा उजळतो, कारण असे विचारणारे नातेवाईक त्यांनाही हवे असतात.

'सिस्टर आहेत ना चोवीस तास' हे उत्तर पुरेसे नाही. एएनएम दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. आणि एजन्सीकडून आलेली, पांढरा कोट घातलेली मुलगी यांपैकी काहीच नसू शकते. ती वाईट असते असे मी म्हणत नाही, काही वेळा म्हाताऱ्या माणसांना तिच्याइतका जीव कुणी लावत नाही. पण इन्सुलिनचा डोस ठरलेल्या कागदाबाहेर बदलणे तिचे काम नाही. म्हणून रात्रपाळीला नोंदणीकृत नर्स आहे का आणि ती एकटी किती जणांसाठी, हे आकड्यात विचारा. दिवसाचा आकडा सांगून वेळ मारून नेतात.

मग रात्री जा. खरेच जा. आधी कळवून एकदा संध्याकाळी साडेसात-आठला जा, आणि न कळवता दुसऱ्यांदा. आत सोडले नाही तर ती त्यांच्या नियमाची गोष्ट असू शकते, पण फाटकावर कोण आले, किती वेळाने आले, आत दिवे कुठे आहेत, कुणाची हाक ऐकू येते आणि तिला कुणी ओ देते का, एवढे बाहेरूनही कळते. रविवारी दुपारीही एक फेरी मारा, तेव्हा मॅनेजर नसतो. दिवसा आत असाल तेव्हा बाथरूममधली बेल स्वतः दाबा आणि घड्याळ पाहा. बेल बंद निघाली तर निदान आजच कळले. बऱ्याच ठिकाणी ती खाटेजवळ असते, कमोडजवळ नसते. पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल इतकी खाली तर क्वचितच.

बाथरूमचा दरवाजा बाहेर उघडतो की आत, हेही पाहून ठेवा. आत उघडणाऱ्या दरवाजामागे माणूस पडला की त्याच्याच अंगाने दार अडते आणि ढकलून उघडणे म्हणजे त्यालाच इजा. कडी बाहेरून काढता येते का? खाटेवर बसून पाहा, आईचे पाय जमिनीला टेकतील का. खाट ते कमोड या वाटेवर रात्री दिवा असतो का, मधे पायपुसणे आहे का. त्या फोंड्याच्या जागेतल्या लोखंडी खाटा तुम्हाला दिसल्या, त्यांची उंची पाहिलीत का? आणि बार्देशच्या जागेतली ती गुळगुळीत इटालियन फरशी पावसाळ्यात, ओल्या चपलांनी, चालून पाहा. सी-व्ह्यू आपल्याकडे जून ते सप्टेंबर बुरशीसकट मिळतो, हे बाहेरून येणाऱ्यांना ठाऊक नसते. तुम्हाला आहे.

आता माझा सगळ्यात आवडता प्रश्न. अनेक वर्षे मी कुटुंबांना तो विचारायला सांगते आहे : "इथे मागच्या वेळी काय बिघडलं होतं आणि मग तुम्ही काय केलंत?"

विचारून गप्प बसा. उत्तराआधी जो थांबा येतो तोही ऐका. एखादी प्रमुख बाई सांगेल, "मार्चमध्ये एक आजोबा फाटकाबाहेर गेले, तासाभराने बाजारात सापडले, मुलाला लगेच फोन केला, तो रागावला, आता फाटकाला घंटी लावली आहे." अशा जागी मी माझ्या माणसाला ठेवायचा विचार करीन. "तशी काही तक्रार नाही हो आमच्याकडे" असे ऐकले तर चहा संपवून निघीन. मागोमाग विचारा, पडले-झडले याची वही असते का? दाखवाल का, नावे झाकून? आत्ता कुणाला बेडसोअर आहे? इथे आल्यावर झाला की आधीचा? अंथरुणावर खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, त्याची नोंद भिंतीवर किंवा वहीत कुठेतरी असायला हवी. तुमच्या आई चालत्याफिरत्या आहेत, त्यांना हे आज लागू नाही. तरी जी जागा खिळलेल्यांना नीट ठेवते तिथे चालते माणूस सहज जपले जाते.

औषधांची खोली मागून पाहा. प्रत्येकाच्या नावाचा डबा, दिल्याची सही, वेळ. आणि एक अवघड प्रश्न, जो आवाज न चढवता विचारायचा : रात्री कुणी ओरडले, उठून फिरू लागले तर काय करता? 'डॉक्टरांना विचारून' हा शब्द उत्तरात आला पाहिजे. झोपेची गोळी देऊन वॉर्ड शांत ठेवणारी ठिकाणे असतात. दुपारी चारला सगळे हॉलभर पेंगत असतील तर ती शांतता मला आवडत नाही.

माणसांकडे पाहायला शिका. नखे कापलेली आहेत का, चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का, कवळी तोंडात आहे की कपाटात, कानातल्या यंत्राला सेल आहे का, दाढी कधीची आहे, पाय कोरडे पडून फुटलेत का. यातले काही माहितीपत्रकात नसते आणि पाहुणे येणार म्हणून तासाभरात करताही येत नाही. वासाचेही तसेच. मुतारीचा वास कुठल्याही वृद्धाश्रमात एखाद्या कोपऱ्यात सकाळी येईल, तो दहापर्यंत गेलेला असावा. फिनेलचा डोकेदुखी आणणारा दर्प आला तर त्याखाली काय आहे ते शोधा. तिथल्या मावशींना, मॅनेजर बाजूला असताना, विचारा, "तुम्ही इथे कधीपासून?" तिघींनी 'दोन महिने' सांगितले तर माणसे टिकत नाहीत, का ते कळायला हवे.

भाषेचे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून मीच काढते. आई घरात कोकणी बोलतात, वर्तमानपत्र मराठी वाचतात, हिंदी त्यांना मालिकांपुरती कळत असावी. किनारपट्टीतल्या बऱ्याच जागांमधला कर्मचारीवर्ग बाहेरच्या राज्यांतला आहे. कष्टाळू मुली आहेत, पण रात्री ताप चढलेला असताना आई "म्हाका घुंवळ येता" म्हणाल्या तर ते चक्करेविषयी आहे हे तिला कळेल का? निदान प्रत्येक पाळीत एक जण कोकणी किंवा मराठी बोलणारी असावी, हा आग्रह धरा. याला मी चैन समजत नाही, हा सुरक्षिततेचाच भाग आहे. जेवणाचेही तसे. बुफेत पास्ता असून आईला काय उपयोग? सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज मिळेल का, कडी-भात, सोमवारी शाकाहारी, एरवी नुस्ते म्हणजे मासळी, हे विचारा आणि एकदा तिथे बसून जेवा. मधुमेही माणूस जेवला नाही की काय होते ते वर आलेच आहे.

इमारतीबद्दल थोडक्यात. कोलकात्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात डिसेंबर 2011 मध्ये तळघरातल्या साठवणीला आग लागली आणि नव्वदच्या आसपास माणसे गेली, त्यांतली बहुतेक खाटेवरची रुग्ण मंडळी, आगीने कमी आणि वातानुकूलनाच्या नळ्यांतून वर आलेल्या धुराने जास्त. तेव्हा अग्निशमन दलाचा दाखला मागा, त्याची तारीख पाहा, आणि मग स्वतः चालत मागच्या जिन्यापर्यंत जा. तिथे गाद्या आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतील किंवा कुलूप असेल, तर दाखल्याला अर्थ नाही. रात्री किल्ली कुणाकडे असते? पावसाळ्यात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर नुसते दिवे चालतात की फ्रिजही? न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. लिफ्ट जनरेटरवर आहे का?

आणि हॉस्पिटल. भाऊ म्हणतो की तिथून मोठे रुग्णालय जवळ आहे. नकाशावर असेल. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट-बागाच्या बाजूने निघालेली 108 किती वेळाने म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पोहोचते, ते तिथल्या एखाद्या टॅक्सीवाल्याला विचारा. फोंड्याच्या बाजूला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण तिथून बांबोळीला पाठवायची वेळ आली तर सोबत कोण जाते? संस्थेची माणसे रात्री रुग्णाबरोबर थांबतात की तुम्हाला फोन करून सोडून येतात? आईची एक फाइल करा. औषधांची यादी, जुना ईसीजी, ॲलर्जी, गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचे, म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असल्यास त्याची प्रत, दोघांचे नंबर. एक तिथे, एक तुमच्याकडे.

कागदांविषयी भावाचा समज दुरुस्त करायला हवा. तो म्हणतो, "एवढी मोठी जागा म्हणजे सरकारने तपासलेलीच असणार." तसे नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्ती करून अशा निवासांची नोंदणी आणि किमान निकष आणणारे विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, ते मंजूर झाले नाही. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने त्याच वर्षी रिटायरमेंट होम्ससाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती राज्यांवर बंधनकारक नाहीत. म्हणजे तपासनीस तुम्हीच. संस्था कुठल्या कायद्याखाली नोंदलेली आहे, ट्रस्टचे विश्वस्त कोण, हिशेब दाखवतात का, कामगारांची पोलीस पडताळणी झाली आहे का, स्वयंपाकघराचा अन्न परवाना, हे सगळे मागा. खोली विकत देत असतील तर रेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामकाकडची, नोंदणी तपासा.

करार घरी आणा, तिथे बसून सही करू नका. चार गोष्टी शोधा : डिपॉझिटमधून काय कापतात आणि उरलेले किती दिवसांत परत देतात, आई हॉस्पिटलात असताना महिन्याचे पैसे पूर्ण लागतात का, दर वर्षी वाढ किती, आणि 'आमच्याने सांभाळणे होणार नाही' असे ते कधी म्हणू शकतात. शेवटच्या कलमावर सगळे अडते. स्मृतिभ्रंश झाला, किंवा खिळल्या, तर पंधरा दिवसांत घेऊन जा असे लिहिलेले असेल, तर घर विकून घेतलेली ती जागा तुम्हाला सर्वांत गरजेच्या वेळी दारात उभे करणार नाही.

घराबद्दल. गोव्यात तुमच्या आईवडिलांचे लग्न वेगळा करार न करता झाले असेल, तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी. वडिलांच्या पश्चात आईचा अर्धा हिस्सा तिचा स्वतःचा आहे, आणि वडिलांच्या अर्ध्यात तुम्ही बहीणभाऊ सारखे वारस. वडिलांनी मृत्युपत्र केलेले असले तरी त्यांच्या हिश्शातला निम्मा भाग मुलांना डावलून देता येत नाही. तेव्हा भावाने ठरवले आणि विकले असे होत नाही. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया, झाली आहे का ते पाहा, आणि तुमची लग्ने त्याच पद्धतीने झाली असतील तर तुमच्या यजमानांची आणि वहिनींचीही सही लागेल. एखाद्या चांगल्या वकिलाला 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विचारून घ्या. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी घर विकूच नये. परतीची वाट मोकळी ठेवलेली म्हातारी माणसे नव्या जागी लवकर रुळतात, असे मी पाहिले आहे. शिवाय आईने घर कुणाच्या नावावर करायचेच झाले, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. 2007 च्या कायद्याचे कलम 23 तशी अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करण्याचा मार्ग देते.

बँकेतल्या बाईला मी काय सांगावे, तरी : आईचे मुखत्यारपत्र घेऊन निश्चिंत राहू नका. ज्याने ते दिले त्याची बुद्धी काम देईनाशी झाली की साधे मुखत्यारपत्र संपते, आणि गरज तर तेव्हाच असते. खाते आताच जोडनावाने करा.

एक तिसरा रस्ता तुम्ही पत्रात पाच शब्दांत झटकलात : "गावी बाई ठेवणे जमणार नाही." का नाही? रात्रीची एक बाई, न्हाणीघरात दांड्या आणि कमोड, गळ्यात बेलचे बटण, शेजारच्या त्या मुलीला दोन वेळची चौकशी करायचा मेहनताना, महिन्यातून दोनदा तुम्ही. बाई सुट्टीवर जाईल, न सांगता निघून जाईल, चवथीला नक्की जाईल, हे खरे. पण खर्चाचा हिशेब एकदा कागदावर मांडा, डिपॉझिटचे व्याज धरून. गोव्यातच मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेच्या माणसांनी स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या घरी प्रशिक्षित साध्या कार्यकर्त्या पाठवून पाहिल्या होत्या. 2008 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि सांभाळणाऱ्या घरच्यांचा मानसिक ताण त्यातून कमी झालेला दिसला. आईला स्मृतिभ्रंश नाही, तरी मुद्दा लागू पडतो. घरी ठेवायचे तर सांभाळणारीलाही सांभाळावे लागते.

जाणेच ठरले तर महिन्याभराचा मुक्काम आधी करा, डिपॉझिट न भरता, पाहुणी म्हणून. जी संस्था याला तयार नाही ती यादीतून काढा. शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये करा, जागेची पावसातली परीक्षा होऊन जाते. पहिल्या आठवड्यात आई रडतील, फोनवर 'बरे आहे' म्हणतील, दोन्हींवरून निष्कर्ष काढू नका. तिसऱ्या आठवड्यात वजन, साखरेची वही, आणि कुणाचे नाव त्यांच्या बोलण्यात येते का हे पाहा. एकाही बाईचे, एकाही शेजारणीचे नाव येत नसेल तर जागा जुळली नाही. मग तुमचे जाणे. ठरलेल्या रविवारी सगळेच जातात, तुम्ही बँकेतून सुटल्यावर बुधवारी जा, पुढच्या वेळी शुक्रवारी सकाळी. ज्यांच्याकडे कुणीतरी वेळीअवेळी येते त्यांच्याकडे जास्त लक्ष दिले जाते. हे कुठेही चांगले नाही, पण सगळीकडे खरे आहे. पुण्याहून सीसीटीव्ही पाहण्याने हे साधत नाही. तो कॅमेरा खोलीत असेल, तर आईचे कपडे बदलताना दुसरे कोण कोण ते चित्र पाहते, हे भावाला विचारायला सांगा.

असेच पत्र, पण लाखांचे डिपॉझिट नसलेले, दर महिन्याला मला येते, त्यांच्यासाठी दोन ओळी. प्रोव्हेदोरिया या सरकारी साहाय्य संस्थेचे वृद्धाश्रम गोव्यात आहेत, तिथेही वरचे सगळे प्रश्न विचारण्याचा तुम्हाला तेवढाच हक्क आहे. ज्येष्ठांना दरमहा मदत देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज राहिला असेल तर करा. मुले सांभाळत नसतील तर 2007 च्या कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे वकिलाशिवायही अर्ज करता येतो. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

राहिला गाव. "आवयक आश्रमांत उडयली", आईला आश्रमात टाकली, असे म्हणणारे म्हणतील. त्यांतल्या कुणी पहाटे आईच्या दारावर थाप मारली असती तर तुम्हाला हे पत्र लिहावे लागले नसते, असे त्यांना ऐकवावेसे वाटेल. ऐकवू नका, त्यांच्यातलीच एक मुलगी दूध घेऊन आली होती. तिला फोन करा आणि दर महिन्याला आईला भेटायला तिलाही घेऊन जा, तिकिटाचे पैसे भाऊ देईल. त्याला पुण्याहून काहीतरी करायचेच आहे.

आणि या शनिवारी फोंड्याला जाणार असाल तर भिंतीकडे बघू नका. रंग दोन दिवसांत लावून होतो. पोपडे खोलीत झडत असतील, दम्याच्या माणसाजवळ, तर तेवढे बोला. बाकी वेळ व्हरांड्यात कपडे वाळत घालणाऱ्या मावशींशी गप्पा मारण्यात घालवा, रात्रपाळी कुणाची असते ते त्या सांगतील.